फायरिंग रेंजसारखा जाळपट्टा गावच्या डोंगराला चालेल का? मदत हवी आहे

डोंगरकडेचा:
नमस्कार मंडळी. गाव जावळी तालुक्यात. वरचा डोंगर निम्मा वनखात्याचा, निम्मा मालकीचा. फेब्रुवारी उजाडला की वणव्याची धास्ती. पेटवणारे बहुतेक आपलेच, कारण 'जाळलं की पुढल्या साली गवत जोमानं येतं' हा समज काही जात नाही.

आमच्याकडे एक आप्पा तोफखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, रेंजवर, म्हणजे सैन्याच्या गोळीबार सरावाच्या जागी, ट्रेसर गोळी (जळत, उजेड करत जाणारी) किंवा उजेडाचा गोळा वाळल्या गवतात पडला की आग लागणारच, हे धरूनच चालायचं. आत न फुटलेले गोळे असू शकतात, म्हणून विझवायला माणूस घालता येत नाही. मग शेजारच्या गावाकडं आग जाऊ नये म्हणून कडेचा पट्टा आधीच साफ ठेवायचा, वारा जोराचा असेल तर फायरिंग थांबवायचं. आप्पांचा सवाल असा की आपल्या कड्यावर तरी रात्री माणूस कुठं चढवणार? पटण्यासारखं आहे.

पण असा जाळपट्टा आपल्याकडं नेमका कुठं काढायचा? आणि परवानगीचं काय?

जुना वनरक्षक:
आप्पा बरोबर बोलतात, फक्त रेंज बहुतेक सपाट माळावर असते आणि तुमचा डोंगर उभा. चढ दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यात दुपारचा वारा खालून वर. ऐन उतारावरचा पट्टा ती सहज ओलांडते. एक पट्टा माथ्याच्या जरा पलीकडं काढा, दुसरा पायथ्याला, गोठे आणि गंजींच्या वर. गवत कापून ओढून घ्या. जाळायचंच असेल तर जानेवारीत, सकाळी दव असताना, माणसं उभी करून. मात्र राखीव वनात परस्पर काडी लावलीत तर 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 तुमच्यावरच लागेल. आधी वनपालांना भेटा. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिचा ठराव घ्या, काम सोपं जातं.

कोयनाकाठ:
भारतीय वन सर्वेक्षणाकडं मोबाईल नंबर नोंदवा, उपग्रहाला आग दिसली की मेसेज येतो. पण उपग्रह वरून जाईल तेव्हाच कळणार, त्यामुळं टेहळणीला पोरं हवीतच. वनखात्याची हेल्पलाईन 1926.

डोंगरकडेचा:
आभार. माथ्यापलीकडची जमीन शेजारच्या गावाची आहे, तिथं आमचं फारसं पटत नाही. दोन गावांनी मिळून पट्टा काढल्याचा कुणाला अनुभव आहे का? आणि पालापाचोळा उडवायचा ब्लोअर सातारा भागात भाड्यानं मिळतो का?