घडीचा चाकू घ्यायचाय, ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स? मदत हवी आहे

मंडळी, शेतावर आणि ट्रेकला एक चाकू पाहिजे, ऊस सोलायचा, दोरी कापायची, कांदा चिरायचा, एवढंच काम. ओपिनेलचा ८ नंबर मनात भरलाय, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ, रिंग फिरवली की पातं लॉक. पण कार्बन स्टील घेऊ की स्टेनलेस? गगनबावड्याच्या पावसात कार्बनला गंज धरणारच, आणि मुठीचं लाकूड फुगलं की पातं उघडायचे वांधे. व्हिक्टोरिनॉक्सला ते टेन्शन नाही, पण त्यांच्या छोट्या मॉडेलना लॉकच नसतो, जोर लावताना बोटावर मिटलं तर? स्वस्तातल्यांवर नुसतं 'स्टेनलेस' छापलेलं असतं, कुठलं स्टील ते नाही, म्हणून ते बाद. दोन्ही वापरलेलं कोण आहे का? धार कुणाची जास्त टिकते, आणि कोल्हापुरात हातात घेऊन बघायला कुठं मिळतील?