सांबऱ्याचा विमानतळ: तुमचे अनुभव लिहा

बेळगावपासून दहा किलोमीटरवर सांबरा. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना ब्रिटिश हवाई दलानं इथं धावपट्टी बांधली. उत्तर कर्नाटकातला हा सर्वांत जुना विमानतळ. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेनं जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत हुबळीची वर्णी आधी लागली आणि २०१८ मध्ये आपली विमानं तिकडं वळली. २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्यात बेळगाव आलं, तेव्हा कुठं पुन्हा वर्दळ सुरू झाली. विमानतळ ओस पडल्याचे ते दिवस परत येऊ नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. विमानतळ तुमच्या कुठल्या गरजेला धावून आला, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी बंगळुरात नोकरीला. २०१९ च्या डिसेंबरात पहाटे धाकट्याचा फोन आला, "दादा, आई बोलंना झालीया." राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीची, म्हणजे पोचायला दुसरी सकाळ उजाडली असती. विमानात जागा मिळाली. पन्नास आसनांचं छोटं विमान, एका बाजूला एकेकच खुर्ची. खिडकीशी एकटाच बसलो होतो, कुणाशी बोलावं लागलं नाही ते बरं झालं. कापणी झालेली शेतं दिसायला लागली आणि मला रडू आवरेना. भाऊ बाहेर मोटारसायकल घेऊन उभाच होता. दुपारी आईच्या उशाशी पोचलो. तिनं डोळे उघडले, "जेवलास काय रे?" एवढंच विचारलं. पुढं चार दिवस ती होती. ते चार दिवस मला मिळाले.

सांबरा गावातून
मी इथलाच, वय त्र्याहत्तर. डिसेंबर १९६१ मध्ये नऊ वर्षांचा होतो. गोवा मुक्तीच्या वेळी १८ तारखेला इथूनच हंटर ही लढाऊ विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. घराची कौलं थरथरायची, म्हशी दावं तोडायच्या. आजी म्हणायची, "देवा, पोरं सुखरूप परत येऊ देत." ती पोरं कोण, कुठली, तिला काही ठाऊक नव्हतं. आज धावपट्टी २३०० मीटरची आहे. आवाज ऐकला की मी अजून अंगणात येतो.

बेळगाव, टिळकवाडी
पावसाळ्यात मात्र जीव टांगणीला लागतो. एकदा जुलैत ढग इतके खाली आले की दोन घिरट्या घालून विमान गोव्याला नेलं. कंपनीनं पुढं गाडी दिली नाही. सोबत सात महिन्यांची गरोदर बहीण. भर पावसात चोर्ला घाटातून टॅक्सीनं आलो. ती वळणं आठवली की आजही पोटात गोळा येतो.

खानापूर तालुका, नंदगड
मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. लेहला असताना सुट्टी मंजूर झाली की सगळी भिस्त हवेवर. तिथं दुपारी वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच. सकाळ ढगाळ निघाली की दिवस गेला. तीस दिवसांच्या सुट्टीतले तीन मी तिथंच बसून घालवले. पुढं दिल्ली, मुंबई आणि रात्रभर एसटी. पुतण्या आता त्याच पलटणीत आहे. मागच्या दिवाळीत सकाळी लेहहून निघाला, दिल्लीहून थेट सांबऱ्याला उतरला. घरी आला तेव्हा वैनींनी चुलीवरचा भात अजून उतरवला नव्हता.