कॅसाब्लांकातला तो पोलीस कॅप्टन, क्लॉड रेन्सबद्दल कोणी सांगेल का?

संध्याकाळचा_चहा:
परवा बाबांबरोबर कॅसाब्लांका परत बघितला. कॉलेजात असताना बघितला होता तेव्हा हीरो, हिरॉईन आणि शेवटची ती विमानाची भानगड एवढंच डोक्यात राहिलं होतं, या वेळी मात्र माझं लक्ष सारखं त्या कॅप्टन रेनोकडेच जात होतं. लाचखाऊ, बायकांच्या मागे लागणारा, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, सगळं मान्य, पण हा माणूस बोलायला लागला की ऐकतच राहावंसं वाटतं. आणि शेवटी तो पाणी ओततो, बाटलीवरचं विशी हे नाव वाचतो (जर्मनांपुढे मान तुकवलेलं फ्रान्सचं सरकार विशीतच बसलेलं होतं ना) आणि बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकून वर टोपलीलाच लाथ घालतो. गडी कुठल्या बाजूला गेला ते तेवढ्यात कळतं.

नाव शोधलं तर क्लॉड रेन्स. बाबा म्हणाले नाटकवाला होता म्हणून एवढा सफाईदार. पण नाटकवाले तर कॅमेऱ्यापुढे ओव्हर करतात ना? मग याला कसं जमलं? आणि एवढा भारी असून कायम साइड रोललाच का?

तिसरी_घंटा:
अरे वा, माझ्या आवडीचा माणूस काढलास! जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिली गंमत म्हणजे ज्या आवाजावर तू फिदा झालायस तो त्याला जन्मजात मिळालेला नव्हता. जन्म १८८९ चा, लंडनच्या गरीब घरातला, बोली एकदम तिथली गल्लीतली कॉकनी, त्यात तोतरेपणा, वर र म्हणता यायचा नाही. लहानपणीच थिएटरात चिकटला आणि पुढे हिज मॅजेस्टीज थिएटरला कॉलबॉय झाला, म्हणजे नटांच्या खोल्यांची दारं वाजवून ‘तुमची एंट्री आली’ म्हणून सांगत फिरणारा पोरगा. तिथला मालक-नट हर्बर्ट बीरबोम ट्री, त्यानं या पोराचं पाणी ओळखलं आणि उच्चारांच्या शिकवणीचे पैसे स्वतः भरले. तेव्हा आवाज घासूनपुसून तयार केलेला आहे, देणगी वगैरे काही नाही.

मग पहिलं महायुद्ध. साधा शिपाई म्हणून गेला, कॅप्टन होऊन परत आला, पण विषारी वायूच्या हल्ल्यात एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली. पडद्यावर कधी जाणवलं का सांग? मला तर वाचेपर्यंत पत्ता नव्हता. युद्धानंतर लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकवायचा, जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन त्याच्या हाताखालून गेलेत. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कला रंगभूमीवरच होता, थिएटर गिल्डच्या ‘द गुड अर्थ’मध्ये १९३२ साली चिनी शेतकरी केला. म्हणजे हॉलिवूडला पोचेपर्यंत नाटकात तीस वर्षं घासून झालेली!

आता तुझा ओव्हरचा मुद्दा, तो शंभर टक्के बरोबर आहे. त्याची पहिली स्क्रीन टेस्ट त्याच कारणानं पडली, शेवटच्या रांगेसाठी करायचं ते त्यानं हातभरावरच्या कॅमेऱ्यापुढे केलं. पण दिग्दर्शक जेम्स व्हेल, तोही लंडनच्या नाटकातलाच, त्याला तो आवाज हवा होता, कारण त्याच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये हीरोचा चेहराच दिसणार नव्हता. १९३३ चा सिनेमा. डोक्याला बँडेज नाहीतर निव्वळ रिकामी हवा, त्यामुळे रेन्सनं आवाज पाहिजे तेवढा मोठा लावला आणि ते खपून गेलं, उलट शोभलं! (बँडेज काढल्यावर आत काहीच नाही ती ट्रिक कशी केली माहितीये का, अंगभर काळं मखमल घालून काळ्या मखमली पडद्यापुढे उभं करायचे, वरून कपडे, मग फिल्मवर फक्त कपडे उमटायचे आणि ते दुसऱ्या चित्रात बसवायचे. काम करणाऱ्याचा आत जीव जात असणार.)

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. वीस वर्षं हौशी नाटकं केली, राज्य नाट्यच्या प्राथमिक फेऱ्या केल्या, आणि एकदा एका सिरीयलच्या ऑडिशनला गेलो. पहिलं वाक्य टाकलं तर कानाला हेडफोन लावलेला पोरगा दचकून म्हणाला, काका, माईक शर्टालाच लावलाय. काम मिळालं नाही हे सांगायला नको. म्हणून मला रेन्सचं जास्त कौतुक, चव्वेचाळिशीत माणसानं हातातलं सगळं उतरवून ठेवून नवीन शिकायचं म्हणजे खायचं काम नाही. कॅसाब्लांकात तो आवाज चढवतच नाही, बघ परत.

पिटातला_प्रेक्षक:
घंटाकाकांशी सहमत, पण ‘कायम साइड रोल’ हे पटलं नाही. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९४३) मधला फँटम कोण? पुढे १९४५ ला व्हिव्हियन लीसमोर सीझर कोण? हां, प्रेमाच्या गोष्टीत हीरोला मिळते ती नटी याला मिळायची नाही हे खरं. वय झालेलं आणि उंचीही बेताची. ‘नटोरियस’मध्ये इनग्रिड बर्गमन त्याच्यापेक्षा उंच, तर हिचकॉकनं काही शॉटला त्याला फळीवर चढवून चालवलंय.

पण त्या रोलकडे बघा ना, नाझी आहे, बायकोला हळूहळू विष देतोय, आणि तरी शेवटी तो घराच्या पायऱ्या चढून आत जातो तेव्हा आपल्याला त्याची दया येते. आत त्याचेच साथीदार त्याचा हिशोब करायला उभे. पाठमोरा चालतोय फक्त, दार बंद. हीरो कॅरी ग्रँट, पण मला तर ती पाठच आठवते.

ऑस्करचं नामांकन चार वेळा, चारही वेळा सहाय्यक, एकदाही दिलं नाही. कॅसाब्लांकाच्या वेळी चार्ल्स कोबर्नला दिलं, तो पण म्हातारा नाटकवालाच, असो. उलट १९५१ ला रंगभूमीवर परत जाऊन ‘डार्कनेस ॲट नून’ केलं तर टोनी मिळालं. माहेरच्यांनी ओळखलं म्हणायचं.

संध्याकाळचा_चहा:
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद दोघांना. सुरुवात कुठून करू?

तिसरी_घंटा:
इन्व्हिजिबल मॅन. सव्वा तासाच्या आतला आहे, इयरफोन लावून बघ. नंतर नटोरियस. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला सिनेटर रविवारी, सवडीनं.

संध्याकाळचा_चहा:
काल बघितला! इयरफोन नाही लावले, आईबाबा पण बसले होते. ते हसणं काय आहे राव, अंगावर काटा आला. आणि शेवटी हॉस्पिटलच्या पलंगावर नुसता उशीला पडलेला खड्डा दिसतो, मग कवटी, मग हळूहळू चेहरा उमटतो, आणि लगेच संपलाच. आई म्हणाली, अगंबाई, एवढाच दाखवला का त्याला?