शेवेल एसएस ४८ हजारला घ्यावी का? जरा लवकर सांगा

ट्रॉयचा_तात्या
मंडळी, मदत हवी आहे. काल शेवेल एसएस बघून आलो, शेवरलेची जुनी अमेरिकन गाडी. लाल रंग, काळे पट्टे, आवाज ऐकून अंगावर काटा आला. ४८ हजार डॉलर मागतोय. शनिवारपर्यंत सांगा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. भाव बरोबर आहे का? वर्षाचा खर्च किती येईल?

जुनं_लोखंड
साल कुठलं? इंजिन कुठलं? व्हीआयएनचे, म्हणजे गाडीवरच्या कारखान्याच्या नंबराचे, पहिले तीन आकडे काय? दुसरं गिऱ्हाईक सगळ्यांकडेच असतं, ते सोडा.

ट्रॉयचा_तात्या
१३६ ने सुरू होतो. इंजिन ३९६ घनइंचांचं. सगळं ओरिजिनल आहे म्हणतो. भाव सांगा ना.

मस्टँगवाली_मावशी
१३६ म्हणजे व्ही-८ मालिबू, शेवेलचं साधं मॉडेल! एसएसचा नंबर १३८ ने सुरू होतो. साध्या मालिबूला बिल्ले चिकटवलेत, नाद सोडा. त्यापेक्षा मस्टँग घ्या. व्हीआयएनचं पाचवं अक्षर बघितलं की इंजिन कळतं. माझी १९६६ ची कूपे सी-कोड आहे, म्हणजे २८९ घनइंचांचं इंजिन. सगळे पार्ट कॅटलॉगमधून घरपोच.

जुनं_लोखंड
मावशी, १३८ चा नियम १९६६ ते ६८ पुरता. १९६९ पासून एसएस हे नुसतं पॅकेज झालं, त्यामुळे खऱ्या एसएसवरही १३६ असू शकतो. म्हणून तर साल विचारतोय.

मस्टँगवाली_मावशी
म्हणजे नंबरावरून खरं-खोटं कळतच नाही. मग तर आणखीच लांब राहा!

ट्रॉयचा_तात्या
१९७० ची आहे. लिहिलं नव्हतं का?

जुनं_लोखंड
नव्हतं. आता ऐका. १९७० च्या बाबतीत किंमत कागदपत्रांना असते. बिल्ले, बॉनेट, गोल मीटरचा डॅशबोर्ड, सगळं नवं बनवलेलं बाजारात मिळतं. पॉन्टिॲक असती तर जुन्या फॅक्टरी नोंदींची प्रत मागवता आली असती. अमेरिकेत बनून तिथेच विकलेल्या शेवरलेसाठी ती सोय नाही. तेव्हा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद, आहे का विचारा. बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही वॉरंटीची पत्र्याची पट्टी असेल तर उत्तमच.

मग इंजिन. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर सपाट जागा असते. तिथे कोरलेले शेवटचे सहा आकडे व्हीआयएनशी जुळायला हवेत. तिथला धातू घासून गुळगुळीत केलेला दिसला तर आकडे नंतर ठोकलेत असं समजा. मागचा ॲक्सल १२ बोल्टचा हवा, पुढे डिस्क ब्रेक हवेत. आणि कोणी "३९६ नाही, हे तर ४०२ आहे" म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. १९७० मध्ये इंजिन ४०२ घनइंचांचंच होतं, बिल्ला मात्र ३९६ चा.

कागद असतील आणि गंज नसेल तर ४८ मागणं वावगं नाही. मालिबूवर चढवलेला साज असेल तर त्या भावाला हात लावू नका. ४५० अश्वशक्तीच्या ४५४ एलएस६ इंजिनवाल्या शेवेलचे लिलावातले भाव बघून लोक कुठल्याही शेवेलवर आकडा ठोकतात.

कोथरूडचा_क्लच
ही भारतात आणता येईल का हो? ५० वर्षांवरच्या गाड्यांना आता व्हीए (व्हिंटेज) नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये.

नोव्हायकर
आणून करणार काय? व्हीए प्लेटवर रोज ऑफिसला नेता येत नाही. शिवाय तात्यांनी हे विचारलंच नाहीये.

तात्या, खर्चाचं मी सांगतो. तुमच्या मिशिगनमध्ये खासगी खरेदीवरही ६ टक्के कर आहे, म्हणजे नाव बदलतानाच २,८८० गेले. गॅलनला दहा-बारा मैल धरा, तेही प्रीमियम पेट्रोलवर. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप खराब होतात, ते बदलून घ्या. इंजिनात मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर झिंकवालं ऑइल लागतं. जुन्या गाड्यांची हिस्टॉरिक प्लेट स्वस्त पडते, पण ती परेड आणि क्लबच्या कार्यक्रमांपुरती. ऑगस्टमध्ये मात्र मनसोक्त फिरवा, वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची फेरी तेव्हाच असते. विमा जुन्या गाड्यांचाच घ्या, ॲग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवलेला. नेहमीच्या पॉलिसीत गाडी गेली तर घसारा लावून हातावर चिल्लर ठेवतील. तो विमा महाग नसतो, पण रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि बंद गॅरेज लागतं. गॅरेज आहे ना?

ट्रॉयचा_तात्या
काँडो आहे. शेड मिळते. वर पत्रा, बाजू उघड्या. कव्हर घालीन.

मस्टँगवाली_मावशी
जानेवारीत? बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्याशेजारी?

नोव्हायकर
शेडवर विमा मिळणं कठीण. आधी विंटर स्टोरेजचं, म्हणजे हिवाळ्यात गाडी ठेवायच्या जागेचं, भाडं विचारा आणि तो खर्च धरून मग भावाचं बोला.

ट्रॉयचा_तात्या
हे आधी का नाही सांगितलं कोणी?

जुनं_लोखंड
शनिवारी टॉर्च आणि लोहचुंबक न्या. मागच्या काचेच्या खालची कड, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी बघा. चुंबक चिकटला नाही तर तिथे पुट्टी भरलीय. छतावर व्हिनाइल असेल तर त्याच्या कडा दाबून बघा, आत पाणी साठून पत्रा सडतो. इंजिनावरच्या आकड्यांचा फोटो इथे टाका. तोवर बयाणा देऊ नका.