शाळेतच पोरांच्या मनातून शेती उतरते का?

जुन्नरकर_टोमॅटोवाला:
मुलगा नववीत आहे. चार एकर बागायत, टोमॅटो आणि कांदा. सहावी-सातवीपर्यंत सुट्टीला स्वतःहून ठिबकच्या नळ्या बघायचा, आता रानात यायचं नावच काढत नाही. परवा विचारलं तर म्हणे सर वर्गात सांगतात, अभ्यास नाय केला तर बापासारखी ढेकळं फोडावी लागतील. त्याच ढेकळांवर त्याची फी भरतोय हो मी. त्याने शेतीच करावी असं नाही, पण शेती म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतंय त्याचं वाईट वाटतं. पुढे बीएस्सी ॲग्रीला घातला तर ओढ परत येईल का?

राहुरी_बॅच:
दादा मी ॲग्री केलंय. पहिल्या वर्षापासून निम्मा वर्ग एमपीएससी नायतर बँकेच्या ॲग्री ऑफिसरच्या मागे. ॲडमिशनला गुण वाढतात म्हणून सगळ्यांनी सातबारा जोडला, त्या रानात परत जायला कोण तयार नव्हतं, मीपण नव्हतो. सातव्या सेमला रावे, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचं सत्र लागलं, कृषीदूत म्हणून गावात राहायचं, तिथं एका आजोबांनी मूठभर माती दाबून वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, कसा ओळखायचा ते दाखवलं आणि तीन वर्षं नुसतं पाठ केलेलं तेव्हा कुठं कळलं. आज घरची शेती करतोय. पण हे चौदाव्या वर्षी व्हायला पाहिजे होतं.

आठवी_ब_च्या_बाई:
आमच्या शाळेत आठवी ते दहावी आयबीटी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय आहे. डॉ. कलबागांनी 1983 ला पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथून आलेला विषय. आठवड्याला एक दिवस हाताने काम, वायरिंग, वेल्डिंग, माती परीक्षण, रोपवाटिका. मागच्या वर्षी मुलांनी मेथी केली, बियाण्यापासूनचा सगळा खर्च वहीत लिहिला, जुड्या विकल्या. गणितात काठावर पास होणारा एक मुलगा त्या हिशोबात सगळ्यांच्या पुढे, कारण घरचं ज्ञान पहिल्यांदाच शाळेत कामाला आलं. त्या सरांना भेटाच, पण पालकसभेत नको, एकटे भेटा.

खुरपं_आणि_वही:
मुलींचं कोणीच बोलत नाही. कांदालागण, खुरपणी सगळी मी करते, दहावीनंतर कृषी डिप्लोमा म्हटलं तर घरचे म्हणाले मुलीला काय करायचाय. शाळेतूनपण सगळ्या मुलींना नर्सिंग नायतर डीएड एवढंच सांगितलं.

जुन्नरकर_टोमॅटोवाला:
ताई तू अर्ज भर. बाई, सोमवारी जातो सरांकडे. आणि आजच्या तोड्याची पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती आली की पोराकडेच देतो, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून हातात काय राहतं ते त्यालाच काढू दे.