मावळातला ९ ऑगस्ट

‘दगड आधी आले, मग पोलिसांनी काय हात बांधून उभं राहायचं?’ असं मावळातल्या पोलीस गोळीबाराबद्दल एकाने विचारलंय, म्हणून लिहितोय. ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मावळातले शेतकरी उतरले. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला न्यायला त्यांचा विरोध होता. दगडफेक झाली, हे खरंच. पण पोलिसांच्या गोळीबारात तीन जीव गेले, त्यात एक बाई.

मी तेव्हा सोमाटण्याला एसटीत अडकलो होतो. रस्त्याकडेला एक हवालदार कपाळावर रुमाल दाबून बसलेला, रुमाल लाल झालेला. एक म्हातारी त्याला तांब्याने पाणी पाजत होती. त्याचंही दुखणं खोटं नाही. तरी गोळी हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी इशारा हवा. कुठलीही चकमक असो, मी पहिलं तेच विचारतो: इशारा दिला होता का?