मुंबईचं जीपीओ आणि आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा एकाच माणसाचं काम हाय का?

रंकाळाकाठ: परवा मुंबईला गेलतो. सीएसएमटीजवळच्या जीपीओत स्पीडपोस्ट करायचं होतं. मधल्या हॉलात उभं राहून वर बघितलं आणि मागनं एक काकू ओरडल्या, "ओ, लाईन पुढं गेली!" एवढा मोठा घुमट पोस्टात? बाहेरचा काळा दगड बघून नवा राजवाडाच आठवला. मामा म्हणतोय दोन्ही मँटसायबाची, त्या इंग्रज वास्तुकाराची. खरं काय?

दगडफोड्या: मामांना मिसळ चारा, पण पैज लावू नका. मेजर मँट १८८१ लाच वारला, १८८४ ला पुरा झालेला राजवाडासुद्धा त्यानं बघितला नाही. जीपीओ १९०४ ते १९१३ मधलं, नकाशा जॉन बेग यांचा. घुमटाची कल्पना आपल्या शेजारच्या विजापूरच्या गोलघुमटावरनं.

रंकाळाकाठ: मग दगड सारखा कसा?

दगडफोड्या: काळा बेसाल्ट हो, सह्याद्रीच्या दोन्ही अंगाला तोच. आपल्या जुन्या विहिरी बघा की. फरक कडांना दिसतो: जीपीओला कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड लावलाय. पावसात भिजल्यावर तो पिवळा असा उठून दिसतोय, नादखुळा!

रंकाळाकाठ: मामाला वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प, मग म्हणतोय, "आपला टाऊन हॉल तरी मँटचाच न्हवं?"

दगडफोड्या: तो मात्र त्याचाच. १८७२ ते ७६. मिसळ मामांकडनं घ्या आता.